वर्गणी, शुल्क की दान?
पालक-गटाने न्यास स्थापून करमाफी घ्यावी काय?

जून महिना उजाडला की शाळेच्या फाटकासमोर दोन चर्चा हमखास सुरू होतात. एक दप्तराच्या ओझ्याची आणि दुसरी वर्गणीची. स्नेहसंमेलन, सहलीची बस, विज्ञान प्रदर्शनाचे साहित्य, वर्गात प्रोजेक्टर, थंड पाण्याचे यंत्र, असे काही ना काही निघते आणि पालक एकत्र येऊन पैसे गोळा करतात. गोळा करणारा बहुधा एखादा व्यापारी पालक असतो. हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो, आणि न रागावता उधारी वसूल करण्याची कलाही. दोन-तीन वर्षांत हजारांतली रक्कम लाखांत जाते. मग एखाद्या बैठकीत कोणीतरी सहज म्हणून जातो, "एवढे पैसे देतोच आहोत, तर एक ट्रस्ट करून टाकू. ८०-जी मिळाले की सगळ्यांचाच कर वाचेल."

सूचना निरुपद्रवी वाटते. बैठकीत माना डोलतात, एखाद्या सनदी लेखापालाचे नावही सुचवले जाते. परंतु या एका वाक्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. न्यास ही 'करून टाकण्या'ची बाब आहे, कर सगळ्यांचा वाचणार आहे, आणि दिला जाणारा पैसा दानच आहे. पहिल्या दोन गृहीतकांचा निकाल कागद-पेन्सिलीने लावता येतो. तिसऱ्यासाठी मात्र प्रत्येक पालकाला स्वतःला काही विचारावे लागते.

कर नेमका किती वाचतो?

समजा, सहावीच्या एका वर्गात चाळीस मुले आहेत. त्यांपैकी तीस कुटुंबे वर्षाला प्रत्येकी १०,००० रुपये देतात, म्हणजे ३,००,००० रुपये जमतात. न्यासाला ८०-जीची मान्यता असेल, तर सर्वसाधारण शैक्षणिक न्यासाच्या देणगीवर देणाऱ्याला निम्म्या रकमेची, म्हणजे ५,००० रुपयांची वजावट मिळते. देणारा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर ४ टक्के उपकर धरून त्याचे १,५६० रुपये वाचतात. तीसही कुटुंबे याच टप्प्यात आहेत असे मानले तरी सर्वांची मिळून बचत ४६,८०० रुपये होते.

पण तीसही कुटुंबे या टप्प्यात नसतात, आणि असली तरी ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली आहे. २०२५-२६ पासून तीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर पडत नाही, त्यामुळे नोकरदार व छोटे दुकानदार मोठ्या संख्येने तिकडे वळले. नव्या प्रणालीत ८०-जीची पावती खिशात ठेवण्यापुरतीच उपयोगाची. तीस पालकांपैकी सहाच जण जुन्या प्रणालीत राहिले असतील, तर वर्षाची बचत ९,३६० रुपयांवर येते. एवढ्यात न्यासाच्या हिशेबतपासनिसाचे बिल तरी निघेल का, हे कोणत्याही पेढीत बसणाऱ्याला सांगावे लागणार नाही.

याखेरीज बारीक अटी आहेत. २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर वजावट मिळत नाही. वस्तुरूपाने दिले तरी नाही. स्वतःच्या दुकानातून पंखे किंवा वह्या पाठवणाऱ्या पालकाला त्यांच्या किमतीवर ८०-जी लागू होत नाही. आणि पात्र देणग्यांना देणाऱ्याच्या समायोजित उत्पन्नाच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहेच.

व्यापारी कुटुंबांत मात्र एक वेगळा मोह असतो. व्यक्ती नव्या प्रणालीत गेली तरी भागीदारी पेढीला तशी दुसरी प्रणालीच नाही. पेढी सरसकट ३० टक्क्यांनी कर भरते आणि तिला ८०-जीची वजावट आजही मिळते. पेढीने १,००,००० रुपये दिले, तर अधिभार नसताना १५,६०० रुपये वाचतात. इथेच कुजबुज सुरू होते. मुलाच्या शाळेला द्यायचे ते पैसे पेढीच्या धनादेशाने पालक-न्यासाला द्यावेत, पावती घ्यावी, आणि शाळेने ते 'समजून' घ्यावे. 'ट्रस्ट करून टाकू' या वाक्यामागे अनेकदा हीच गोष्ट दडलेली असते. चहाच्या कपासोबत ती इतक्या सहजपणे सांगितली जाते की तिच्यातली खोच जाणवत नाही.

पैसा कोणाच्या मुलासाठी?

कायद्याने या बाबतीत रेषा आखून दिली आहे. शिकवणी शुल्क ही एक गोष्ट आहे. जुन्या प्रणालीत दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्कावर ८०-सीखाली वजावट मिळते, पण त्याच तरतुदीत विकास शुल्क आणि देणगी स्पष्टपणे वगळलेली आहे. देणगी ही दुसरी गोष्ट आहे. ती स्वेच्छेने आणि मोबदल्याविना दिलेली असावी लागते. ज्या रकमेच्या बदल्यात स्वतःच्या मुलाला जागा, सवलत किंवा सोय मिळते, ती शुल्क आहे. तिच्या पावतीवर 'दान' लिहिल्याने तिचा गुण बदलत नाही. प्रवेशाच्या मोबदल्यात घेतलेल्या पैशांवर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि शिक्षण हक्क कायद्यानेही अशा कॅपिटेशन शुल्कासाठी दहापटीपर्यंत दंड ठेवला आहे. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले. महाविद्यालयातील प्रवेशासाठी घेतलेली रक्कम 'ऐच्छिक देणगी' म्हणून दाखवली गेली होती. प्रवेशाशी बांधलेली रक्कम ऐच्छिक नव्हे आणि तिला करमाफी नाही, असा निकाल न्यायालयाने दिला.

पालक-गटाचे प्रकरण इतके उघड नसते. तिथे कोणी जागा विकत नाही. तिथला प्रश्न अधिक सूक्ष्म आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. तिकडे शाळांतील पालक-संघटना ही जुनी आणि बलाढ्य परंपरा आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १८९७ मध्ये स्थापन झाली. पालक-गटाने करमाफ संस्था म्हणून अर्ज करावा की नाही, हा तिथल्या प्रत्येक गावचा नित्याचा विषय. वर्षाची जमा साधारण ५,००० डॉलरपेक्षा कमी असेल, तर अर्जावाचूनही काम चालते. अर्ज करून मान्यता मिळवली आणि पुढे सलग तीन वर्षे वार्षिक विवरण भरले नाही, तर करमाफी आपोआप रद्द होते. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये संसार थाटलेल्या मुला-सुनांकडून ही माहिती अनेक घरांत पोहोचलेली असते, आणि 'तिकडे सगळे करतात' हा युक्तिवाद बैठकीत ऐकू येतो.

तो युक्तिवाद पुढे करणाऱ्यांनी कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचा खटला वाचायला हवा. व्हर्जिनिया राज्यात जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची ही करमाफ संघटना होती. स्पर्धांचा खर्च भागवण्यासाठी पालक वेष्टनाचे कागद व खाऊचे पदार्थ विकून निधी उभारत. जो पालक जितकी विक्री करी, तितके गुण त्याच्या नावावर जमा होत, आणि त्या प्रमाणात त्याच्या मुलाच्या स्पर्धा-खर्चातून रक्कम वजा होई. जो विक्री करत नसे, त्याला पूर्ण खर्च भरावा लागे. व्यापारी दृष्टीला यात चूक काय, असेच वाटेल. ज्याने कमावले त्याला मिळाले, हिशेब चोख. अमेरिकेच्या कर न्यायालयाने २०१३ मध्ये नेमका हाच चोख हिशेब करमाफी रद्द होण्याचे कारण मानला. निधी मुलांसाठी नव्हता, ज्याच्या-त्याच्या मुलासाठी होता. असा पैसा वाईट नव्हे. तो फक्त धर्मादाय नव्हे.

भारतातील कायद्याचा आशयही हाच आहे. सार्वजनिक न्यासाचे उत्पन्न संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांच्या लाभासाठी वापरले गेले, तर करमाफी धोक्यात येते. आता सहावीच्या त्या वर्गाकडे पुन्हा पाहावे. पालक-न्यासाचे विश्वस्त कोण? त्याच वर्गातील पालक. लाभार्थी कोण? त्यांचीच मुले. म्हणजे पहिल्या दिवसापासून आक्षेपाला जागा.

आणि चाळीसातली उरलेली दहा मुले? अल्पसंख्याक नसलेल्या विनाअनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशाच्या वेळी २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी असतात. चाळीसांच्या वर्गात ही संख्या दहा होते. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाची आई पोळ्या करून देते. वर्गणीचा निरोप गटावर येतो तेव्हा या घरांतून उत्तर येत नाही. काही काळाने 'ज्यांनी भरले त्यांची यादी' गटावर टाकली जाते. वसुलीची ही रीत बाजारात सर्वमान्य असेल, पण ती यादी वाचून एखादी आई गट सोडून जाते आणि तिच्या जाण्याची नोंद कोणी घेत नाही. पुढे सहलीची बस तीस मुलांना घेऊन निघते.

करमाफीचा निर्णय खरे तर या बसपाशीच होतो. बस तीस जणांची असेल, तर तो तीस कुटुंबांचा आपसातील खर्च आहे. बस चाळीसांची असेल आणि दहा मुलांचे भाडे तिसांनी कोणाचेही नाव न घेता उचलले असेल, तर त्या दहा जागांपुरते दान घडले. प्रोजेक्टर वर्गात कायमचा बसला आणि पुढच्या वर्षीच्या अनोळखी मुलांनाही लाभला, तर त्यातही दान आहे. निधीचा किती भाग पहिल्या प्रकारचा आणि किती दुसऱ्या, हे ठरवल्यावाचून लेखापालाच्या पायऱ्या चढण्यात अर्थ नाही.

'आपल्या मुलांसाठी' म्हणजे कोणाच्या?

समाजाच्या बैठकांत आणखी एक कल्पना मांडली जाते. शहरातील वेगवेगळ्या शाळांत शिकणाऱ्या समाजाच्या मुलांच्या पालकांनी एकच न्यास करावा, शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि करमाफीही घ्यावी. हेतू चांगला आहे. परंतु १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १३ हे इथे आडवे येते. त्या कायद्याच्या अंमलानंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असेल, तर त्याच्या उत्पन्नाला करमाफी मिळत नाही. ८०-जीच्या मान्यतेसाठीही हीच अट आहे. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी धर्मादाय संस्थांची चौकट बरीचशी जुनीच आहे.

याबाबत समाजात एक गैरसमज खोलवर रुजलेला दिसतो. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे समाजापुरत्या न्यासालाही आपोआप करमाफी मिळेल, असे अनेकांना वाटते. अल्पसंख्याक दर्जा शैक्षणिक संस्था स्थापण्याच्या व चालवण्याच्या घटनादत्त हक्काशी निगडित आहे. करमाफीचा दरवाजा वेगळा आहे आणि त्याची किल्लीही वेगळी.

कायद्याची ही अट अन्यायाची वाटली, तर कुंभोज गावातील एका जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांचे काम आठवावे. कर्मवीरांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या मुलांत त्यांच्या नात्यागोत्यातले किती होते, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. १९६१ चा कायदा यायला तेव्हा बराच अवकाश होता.

नोंदणीनंतरची वही

एवढे सारे समजून-उमजून एखाद्या गटाने खरोखरच सार्वजनिक काम करायचे ठरवले, तर न्यासाची नोंदणी अवघड नाही. अवघड आहे ते नंतरचे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. सात किंवा अधिक सदस्यांनी १८६० च्या कायद्याखाली संस्था स्थापली, तरी या राज्यात तिची न्यास म्हणूनही नोंद होते. त्यानंतर आयकर खात्याकडे १२-ए व ८०-जीसाठी वेगळे अर्ज. पहिली मान्यता तात्पुरती, अधिकाधिक तीन वर्षांची. मग नियमित मान्यता, तीही ठरावीक मुदतीची. मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज विसरला, की पुन्हा धावपळ. दरवर्षी उत्पन्नाच्या ८५ टक्के रकमेचा विनियोग हेतूसाठी व्हावा लागतो. देणगीदारांचे विवरण मेअखेरपर्यंत गेले नाही, तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क सुरू होते, आणि देणाऱ्याची वजावटही त्या विवरणावरच अवलंबून असते.

पालक-गटाची खरी अडचण मात्र विश्वस्तांची आहे. शाळेतला पालक हा पाहुणा असतो. मूल दहावी झाले की तो निघून जातो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. तो अर्ज मंजूर होईपर्यंत जुनी नावे दप्तरी राहतात. दोन-तीन तुकड्या बाहेर पडल्या की चित्र असे दिसते: न्यासाच्या नोंदीत ज्यांची नावे आहेत, त्यांची मुले पुण्या-मुंबईला अभियांत्रिकी शिकत आहेत, आणि ज्यांची मुले शाळेत आहेत, त्यांना धनादेशावर सही करता येत नाही. बँक नव्या सह्या स्वीकारत नाही, जुने विश्वस्त फोन उचलत नाहीत. धर्मादाय कार्यालयांच्या फडताळांत अशा निद्रिस्त न्यासांच्या धारिका थोड्या नाहीत.

परतीची वाटही सोपी नाही. सार्वजनिक न्यासाची मालमत्ता एकदा न्यासाची झाली की ती दात्यांना परत वाटता येत नाही. स्थावर विकायचे किंवा कर्ज काढायचे, तर आयुक्तांची परवानगी लागते. न्यास गुंडाळताना मालमत्ता तशाच दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे गेली नाही किंवा करमाफीची नोंदणी रद्द झाली, तर २०१६ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार संचित मालमत्तेवर कमाल दराने कर बसू शकतो. मंदिराच्या वहीखात्यात देवद्रव्य आणि साधारण खाते यांची सरमिसळ होऊ न देणाऱ्या घरांना ही शिस्त नवी नाही. एका हेतूला दिलेले दुसरीकडे वळवायचे नाही, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असते. पालक-न्यासात मात्र तेच लोक 'या वर्षी गॅदरिंगमध्ये कमी पडले, शिष्यवृत्तीतून घ्या' असे बिनदिक्कत सुचवतात.

दोन बारकावे व्यापारी वाचकांसाठी विशेष महत्त्वाचे. पहिला गुप्तदानाचा. समाजात त्याची थोरवी मोठी आहे, आणि निव्वळ धार्मिक न्यासांना त्याची मोकळीक आहे. शैक्षणिक न्यासाला मात्र नाही. नाव-पत्ता न नोंदवलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्या पलीकडे गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. दुसरा बारकावा आनंद मेळ्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये लोकशिक्षण ट्रस्टच्या प्रकरणात 'शिक्षण' या शब्दाचा अर्थ पद्धतशीर शालेय शिक्षण असा घेतला. स्वतः शाळा न चालवणारा पालक-न्यास त्यामुळे 'शिक्षण' या वर्गात न बसता 'सार्वजनिक उपयोगिता' या सर्वसाधारण वर्गात ढकलला जाण्याचा संभव असतो. त्या वर्गात व्यापारी स्वरूपाची मिळकत वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपर्यंतच चालते. पदार्थांचे ठेले, जाहिरातींची स्मरणिका, दिवाळीच्या वस्तूंची विक्री यांवरच जगणाऱ्या गटाने हा आकडा आधी पाहावा.

मग करायचे काय?

आपसातील खर्चापुरत्या गटाला करमाफीची गरजच नसते, ही गोष्ट बैठकीत क्वचितच सांगितली जाते. सदस्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या सामाईक गरजेसाठी जमवलेला आणि त्यांच्यावरच खर्च झालेला पैसा हे त्या गटाचे उत्पन्न मानले जात नाही. स्वतःच स्वतःपासून नफा कमावता येत नाही, एवढे साधे हे तत्त्व आहे. क्लब आणि गृहसंस्था त्याच आधारावर चालतात. त्याची मर्यादाही न्यायालयाने आखली आहे. २०१३ मध्ये बंगळूर क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, बँकेतील ठेवींच्या व्याजाला हे तत्त्व लागू होत नाही, असे ठरवले. म्हणजे वर्गणी आली आणि वर्षभरात खर्च झाली, तर काळजी नाही. ती साठवून मुदत ठेवीत टाकली, तर व्याजाचा हिशेब वेगळा. बाहेरच्यांकडून मोबदल्याविना आलेली रक्कम वर्षात ५०,००० रुपयांपुढे गेली, तर तीही करपात्र ठरू शकते.

नोंदणी नको याचा अर्थ शिस्त नको, असा नाही. आजचे सर्वांत मोठे दुखणे आहे ते खजिनदाराच्या खाजगी खात्याचे. क्यूआर कोड त्याचा, खाते त्याचे, आणि कित्येकदा तेच खाते दुकानाचेही. वर्षाचे तीन लाख त्याच्या विक्रीत मिसळतात. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नव्हता हे सिद्ध करता करता अनेकांची दमछाक झाली. पालकांच्या गटाने एक साधी नियमावली लिहावी, ठराव करावा, गटाच्या नावे पॅन घ्यावा आणि दोघांच्या सहीचे बँक खाते काढावे. अनोंदणीकृत गटालाही हे करता येते. बाहेर वर्गणी मागायची असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी कलम ४१-क खालील परवानगी धर्मादाय कार्यालयाकडून घ्यावी.

शाळेतील वैधानिक पालक-शिक्षक संघापासूनही हा गट वेगळा ठेवलेला बरा. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळांत तो संघ सक्तीचा केला. त्याच्या कार्यकारी समितीवर पालक सोडतीने निवडले जातात, अध्यक्ष मुख्याध्यापक असतात, आणि शाळेच्या शुल्कवाढीच्या प्रस्तावावर निर्णय देणे हे तिचे मुख्य काम. जी माणसे शुल्काला मंजुरी देतात, तीच शाळेसाठी देणग्या गोळा करू लागली, तर शाळेपुढे त्यांचा आवाज बसतो. अनुभवी पालक हे जाणतात. नवखे उत्साहाच्या भरात दोन्ही टोप्या एकदम घालतात.

राहिला प्रश्न खऱ्या दानाचा. वर्षाला चाळीस-पन्नास हजार रुपये गरजू मुलांसाठी काढणाऱ्या गटाने स्वतंत्र न्यास उभारण्याचा सोस करू नये. ८०-जी असलेला आणि सर्वांसाठी खुला असलेला जुना विद्यार्थी-साहाय्य न्यास जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतो. त्याच्याशी लेखी ठरवून विशिष्ट निधी तिथे ठेवता येतो. लाभार्थी तो न्यास निवडतो, पावती तो देतो, विवरण तो भरतो. पालकांना एकच गोष्ट सोडावी लागते, ती म्हणजे कोणत्या मुलाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार. गंमत अशी की पैसा सोडायला तयार असलेले पुष्कळजण या अधिकारापाशी अडखळतात.

स्वतंत्र न्यास करण्यासारखी स्थिती क्वचित येते, पण येते. शाळेतील अनेक तुकड्यांचे माजी पालक आणि माजी विद्यार्थी एकत्र आलेले असावेत. दहा-पंधरा वर्षे टिकणारे काम, जसे की वसतिगृह, ग्रंथालय किंवा शिष्यवृत्ती, हाती असावे. विश्वस्तांपैकी निम्म्यांची तरी मुले त्या शाळेत नसावीत. एखाद्या कंपनीचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी मिळवायचा असेल, तर करविषयक दोन्ही मान्यतांशिवाय गत्यंतर नाही, आणि साधारणतः तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. अशा वेळी नोंदणी टाळणे हाच उलट बेजबाबदारपणा ठरेल.

सहावीच्या त्या वर्गाचे तसे नाही. त्यांच्या जूनच्या बैठकीत ट्रस्टचा विषय निघालाच, तर कार्यवृत्तात दोन ओळींचा ठराव पुरेसा आहे. वर्गाच्या खर्चाची वर्गणी ऐच्छिक राहील आणि भरणाऱ्यांची यादी गटावर टाकली जाणार नाही. सहलीच्या बसचा खर्च तीस नव्हे, चाळीस जागांचा धरला जाईल. दहा जागांचा वाटा तीस जणांवर पडला, म्हणजे शंभर रुपयांच्या भाड्यामागे प्रत्येकाला तेहतीस-चौतीस रुपये जास्त. त्यांची पावती मिळणार नाही.